साक्षीवांचून नित्यनेम

या सदरांत आम्ही बहुधा घरांतल्याच गोष्टींविषयीं लिहितों. मुलांचा अभ्यास, खर्चाची वही, वडील माणसांची शुश्रूषा, पाहुण्यांचें आगतस्वागत, हे आमचे नेहमींचे विषय. या महिन्यांत मात्र वाचकांस उंबरठ्यापासून फार दूर न्यावयाचें आहे. इतकें दूर, कीं तेथून सर्वांत जवळची जमीनहि अडीच हजार किलोमीटरांच्या पलीकडे असावी. तरी विषय घराचाच आहे. भेद एवढाच, कीं हें घर पन्नास-पंचावन्न फूट लांबीचें आहे, तें समुद्रावर बहुतेक वेळ एका अंगास कललेलें असतें, आणि त्यास शेजार नाहीं.

शेजार नाहीं ही गोष्ट साधी नव्हे. आपल्या आचाराचा आपण कितीहि अभिमान बाळगला, तरी त्याचा बराचसा भाग दुसऱ्याच्या देखत पाळला जातो, हें मनाशीं कबूल करावयास हरकत नाहीं. पाहुणे यावयाचे असले म्हणजे बैठकीची खोली झाडली जाते. सासूबाई घरांत असल्या म्हणजे फडताळांतले डबे ओळीनें लागतात. परीक्षेच्या दालनांत पर्यवेक्षक फिरत असतो, म्हणून पुष्कळांच्या माना सरळ राहतात. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न आपल्या समाजाचा अर्धाअधिक कारभार चालवितो. तो प्रश्न सर्वस्वीं वाईट आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. लोकलज्जेनें कितीतरी संसार सावरले आहेत. परंतु ज्या ठिकाणीं लोकच नाहींत, त्या ठिकाणीं मनुष्य काय करतो?

हा प्रश्न आपल्या पूर्वजांसहि पडलेला होता. बौधायनाच्या धर्मसूत्रांत समुद्रप्रवास हें पातित्याचें एक कारण म्हणून सांगितलें आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत श्राद्धाच्या पंक्तीस वर्ज्य अशा लोकांची जी लांबलचक यादी आहे, तींत समुद्रावर जाणाराहि येतो. मौज अशी, कीं त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायांत समुद्रप्रवासांत कुशल असलेल्या लोकांनीं ठरविलेला दर प्रमाण मानावा, असेंहि म्हटलें आहे. म्हणजे माणूस कामाचा खरा, पण पंक्तीला नको! पुढें निबंधकारांनीं समुद्रयान कलिवर्ज्यांत घातलें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विलायतेहून परतलेल्या मुलास प्रायश्चित्त द्यावें कीं नाहीं, यावर आपल्यांतील कितीएक घरांतून भावाभावांचे वाद झाले. या निषेधाचीं कारणें अनेक सांगतात. आमच्या मतें त्यांतील घरगुती कारण अगदीं सरळ होतें. दर्यावर गेलेला मनुष्य काय खातो, काय पितो, स्नानसंध्या करतो कीं नाहीं, हें पाहणारें तेथें कोणी नाहीं. भीति पाण्याची जितकी होती, तितकीच साक्षीच्या अभावाचीहि होती.

ही भीति कितपत खरी होती, हें पाहण्यास आज उत्तम साधन आहे. गोव्यांत मांडवीच्या पात्रांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत आपल्या नौदलासाठीं एक शिडाची नौका बांधण्यांत आली आणि २००९ सालीं ती नौदलाच्या स्वाधीन झाली. मांडवीच्याच वरच्या प्रवाहाचें नांव तिला दिलें, ‘म्हादेई’. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनीं ध्यास घेतलेल्या ‘सागर परिक्रमे’साठीं ती होती. १९ ऑगस्ट २००९ रोजीं कमांडर दिलीप दोंदे हे एकटेच तिच्यांतून मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबत मे २०१० मध्यें परत आले. एकट्यानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यामागून अभिलाष टॉमी यांनीं १ नोव्हेंबर २०१२ पासून ३१ मार्च २०१३ पर्यंत त्याच नौकेंतून, वाटेंत कोठेंहि न थांबतां, प्रदक्षिणा पुरी केली. त्याच कारखान्यांत पुढें दुसरी नौका झाली, ‘तारिणी’. तिच्यांतून २०१७-१८ सालीं लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं नौदलाच्या सहा तरुण महिला अधिकारी जगाला फेरी घालून आल्या. आणि २ ऑक्टोबर २०२४ रोजीं दिलना के. व रूपा ए. या दोघीच अधिकारी गोव्याहून निघाल्या, त्या २९ मे २०२५ रोजीं परतल्या.

प्रदक्षिणा म्हटली कीं नियम आलेच. ज्या बंदरांतून निघावयाचें, त्याच बंदरांत परत यावयाचें. वाटेंत सर्व रेखावृत्तें ओलांडावयाचीं. विषुववृत्त निदान दोन वेळां ओलांडावयाचें. सुएझचा किंवा पनामाचा कालवा वापरावयाचा नाहीं. आणि एकंदर मार्ग २१,६०० सागरी मैलांहून कमी असतां कामा नये. सागरी मैल १.८५२ किलोमीटरांचा, तेव्हां हें अंतर चाळीस हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाइतकेंच झालें. सहा जणींच्या प्रवासास २५४ दिवस लागले व त्यांपैकीं १९९ दिवस प्रत्यक्ष पाण्यावर गेले. वाचकांनीं भागाकार करून पाहावा. ताशीं आठ-साडेआठ किलोमीटर एवढीच सरासरी चाल निघते. सायकलवरून मंडईंत जाणारा मुलगा याहून लौकर जातो. वेगाचें कौतुक येथें नाहीं. कौतुक आहे तें न थांबण्याचें.

मग दोनशें दिवस तेथें करतात तरी काय, असें आमच्या वाचकभगिनी विचारतील. उत्तर ऐकून त्यांस हसूं येईल: घरांत जें करतात, तेंच. सैंपाक, झाडलोट, दुरुस्ती, पाण्याची काटकसर, आजाऱ्याची देखभाल आणि पाळीपाळीनें जागरण.

प्रथम जागरणाचें सांगतों, कारण सगळा संसार त्यावर उभा आहे. शिडाची नौका रात्रीं रस्त्याच्या कडेला उभी करून निजतां येत नाहीं. चौवीस तास ती चालतच असते. म्हणून पहारे बांधलेले असतात. दोन माणसें असलीं, तर एक जागें आणि एक झोंपलेलें. तीन-चार तासांनीं पाळी बदलते. त्यामुळें एकाच छपराखालीं राहून दोघांची निवांत भेट क्वचितच होते. डोळे चोळीत एक वर येतो, वाऱ्याची दिशा आणि शिडांची स्थिति ऐकून घेतो, आणि दुसरा त्याच उबदार बिछान्यांत खालीं जाऊन पडतो. एकटा प्रवासी असला तर अर्ध्या अर्ध्या तासाचा गजर लावून तुकड्यातुकड्यांनीं झोंपतो. क्षितिजावर नुकतेंच दिसूं लागलेलें मोठें जहाज वीस मिनिटांच्या आंत अंगावर येऊं शकतें. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनीं उठून चहूंकडे नजर फिरविणें हा पहाऱ्याचा पहिला नियम. शंभर वेळां नजर फिरवावी आणि शंभर वेळां कांहींच दिसूं नये. एकशेंएकाव्या वेळीं न उठल्यास विचारणारें कोणी नसतें. सहकारी गाढ झोंपलेला आहे, आणि पाळणारा जागा आहे या विश्वासावरच तो झोंपलेला आहे.

आतां स्वयंपाकघर. नौका एकदां एका कुशीवर कलली कीं वारा बदलेपर्यंत, कधीं कधीं दोन-दोन आठवडे, तशीच राहते. तेव्हां चूल झोंपाळ्यासारखी टांगलेली असते; घर कलतें, चूल सरळ राहते. भांड्यांना अडकवण्या असतात, आणि सैंपाक करणारास कंबरेला पट्टा बांधून चुलीसमोर स्वतःला अडकवून घ्यावें लागतें. अंगावर उकळतें पाणी उडूं नये म्हणून उकाड्यांतहि जाड मेणकापडी विजार घालून भात शिजवावा लागतो. झांकण घट्ट बसणारा कुकर या घरांतील सर्वांत विश्वासू सेवक होय. हिरव्या भाज्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत संपतात. मग कांदे, बटाटे, डाळ, तांदूळ आणि डब्यांतलें अन्न. बटाटे दर दोन-चार दिवसांनीं एकेक हातांत घेऊन पाहावे लागतात, कारण एक नासका राहिला तर पेटी जाते. कोणत्याहि गृहिणीस हें सांगावयास नको. फरक इतकाच, कीं पेटी गेली तर कोपऱ्यावर वाणी नाहीं.

पाण्याची गोष्ट याहून कठीण. चारीं बाजूंनीं पाणी, आणि पिण्याचें पाणी मापून. खाऱ्या पाण्यांतून मीठ काढणारीं यंत्रें आतां मिळतात. पण यंत्र म्हटलें कीं बिघाड आलाच, म्हणून टांकीवर हिशेब ठेवावाच लागतो. भांडीं समुद्राच्या पाण्यानें घांसतात. खाऱ्या पाण्यानें भिजलेला कपडा पुरता वाळत नाहीं, कारण त्यांत राहिलेलें मीठ हवेंतला ओलावा पुन्हां ओढून घेतें. विषुववृत्ताजवळ वारा पडतो आणि मुसळधार सरी येतात. त्या वेळीं शिडाची खोळ करून पाणी धरतात आणि नाहून घेतात. अंगास साबण लागला आणि ढग पुढें निघून गेला, असा प्रसंग बहुतेक दर्यावर्द्यांवर केव्हांना केव्हां येतोच!

दक्षिणेस चाळीस अंशांच्या पुढें गेलें कीं हवा पालटते. या पट्ट्यास भूगोलांत ‘गर्जणारे चाळीस’ म्हणतात. तेथें पश्चिमेचे वारे पृथ्वीभोंवतीं फिरतात आणि त्यांना अडविणारी जमीन जवळ जवळ नाहीं. म्हणून लाटाहि तशाच वाढत जातात. थंडी इतकी, कीं हातमोज्यांत बोटें चालत नाहींत. माणूस उघड्यावर आला कीं त्याच्या पट्ट्याचा दोर नौकेला अडकविलेलाच हवा. एकदां पाण्यांत पडलेला मनुष्य पुन्हां सांपडणें जवळ जवळ अशक्य. हा आंकडा अडकविण्याचें काम दिवसांतून पन्नास वेळां करावें लागतें. येथेंहि पाहणारें कोणी नाहीं.

तथापि अनुभवी लोक सांगतात, कीं नौकेचा खरा शत्रु वादळ नव्हे, घासणी होय. एक दोर एका कडेवर मिनिटांतून वीस वेळां, रात्रंदिवस, बोटभर पुढेंमागें घासत राहतो. वादळांत न तुटलेला दोर अशा घासणीनें एका शांत पहाटे तुटतो, आणि शीड खालीं येतें. म्हणून रोज सकाळीं नौकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडून प्रत्येक दोर, प्रत्येक खिळा, प्रत्येक शिवण हातानें चांचपून पाहावयाची असते. दोन माणसांच्या सहवासांतहि हीच घासणी असते. कप जागेवर न ठेवणें, पाळीवर पांच मिनिटें उशिरां येणें, एकच गाणें पुन्हां पुन्हां गुणगुणणें, एवढ्याशा गोष्टींनीं मन झिजतें. मोठ्या संकटांत माणसें एक होतात; तीं दुरावतात तीं अशा बारीक किरकिरीनें. ज्यांचीं एकत्र कुटुंबें झालीं व मोडलीं, त्यांस अधिक सांगणें नलगे.

या प्रवासांत काळ आणि आकाश हींहि परकीं होतात. पूर्वेकडे जातांना न्यूझीलंडच्या पुढें वाररेषा ओलांडली, कीं एकच तारीख आणि एकच वार दोन वेळां मोजावा लागतो. गुरुवार दोनदां आला तर उपास एक करावा कीं दोन, याचा निर्णय आमच्या परिचयाच्या कोणत्याहि पंचांगांत नाहीं! त्याहून मोठी गोष्ट ध्रुवाची. विवाहविधींत नववधूस ज्या अढळ ताऱ्याचें दर्शन करवितात, तो ध्रुव विषुववृत्त ओलांडतांच क्षितिजाखालीं जातो आणि कित्येक महिने दिसत नाहीं. उलट आपल्याकडे हिंवाळ्यांत दक्षिणेस खालीं दिसणारा अगस्ति तेथें माथ्यावर येतो. ज्याला साक्ष ठेवून आपण शब्द देतों, तोच मावळतो. शब्द मात्र पाळावयाचा राहतो.

येथवर वर्णन झालें. आतां ज्यासाठीं हा विषय घेतला, ती हकीकत सांगतों.

मुंबईंत ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर काम करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज अधिकाऱ्यानें तेथेंच आपल्या सुतारांच्या हातून सागवानाची एक बत्तीस फुटी नौका बांधून घेतली. तिचें नांव ‘सुहेली’. इराणच्या आखातांतील खलाशी आग्नेयेच्या वाऱ्यास हें नांव देतात. आणि सुहेल म्हणजे अरबींत आपला अगस्तीचाच तारा. १९६८ सालीं लंडनच्या संडे टाइम्स पत्रानें एकट्यानें, कोठेंहि न थांबतां, पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा जाहीर केली. प्रथम परतणारास सुवर्णगोल आणि सर्वांत कमी वेळांत येणारास पांच हजार पौंड. नऊ जण निघाले. १४ जून १९६८ रोजीं नॉक्स-जॉन्स्टन फाल्मथहून ‘सुहेली’ घेऊन बाहेर पडला.

नौका गळूं लागली, तेव्हां अटलांटिकांत तो पाण्याखालीं उतरला आणि बुडी मारमारून फळ्यांची सांध बुजवूं लागला. मध्यें शार्क मासा घिरट्या घालूं लागल्यावर वर येऊन त्याला गोळी घातली आणि पुन्हां उतरला. दक्षिणेच्या समुद्रांत लाटेनें नौका आडवी केली आणि टांक्यांतलें पिण्याचें पाणी खराब झालें. त्यानंतर तो शिडांवरून धरलेल्या पावसाच्या पाण्यावर राहिला. आपोआप सुकाणूं धरणारें यंत्र मोडलें. बिनतारी यंत्र आधींच मुकें झालें होतें. न्यूझीलंडचा किनारा सोडल्यावर चार महिन्यांहून अधिक काळ तो जिवंत आहे कीं नाहीं, हें जगांत कोणासहि ठाऊक नव्हतें. त्या काळांतहि त्यानें रोजनिशी लिहिली, दोर तपासले, नौका घासली, आणि ३१२ दिवसांनीं, २२ एप्रिल १९६९ रोजीं, तो फाल्मथला परत आला. नऊ जणांत परत आलेला तो एकटाच.

त्याच स्पर्धेंत डोनाल्ड क्रोहर्स्ट नांवाचा दुसरा इंग्रज होता. हा मनुष्य दुष्ट नव्हता, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. बुद्धिमान, कल्पक, पत्नी व चार मुलें असलेला, लहानसा उपकरणांचा धंदा चालविणारा. धंदा डबघाईस आलेला. दुसऱ्याच्या पैशानें नौका बांधलेली, आणि प्रवास फसल्यास ती विकत घेण्याची जबाबदारी शिरावर. मुदतीच्या अखेरच्या दिवशीं, ३१ ऑक्टोबर १९६८ रोजीं, अर्धवट तयार नौकेंतून तो निघाला. थोड्याच आठवड्यांत त्याला कळून चुकलें, कीं ही गळकी नौका दक्षिणेच्या लाटांत टिकणार नाहीं. परत फिरावें तर दिवाळें. पुढें जावें तर मृत्यु. त्यानें तिसरी वाट काढली. तो दक्षिण अटलांटिकांतच घुटमळत राहिला, आणि बिनतारी संदेशांतून आपण भराभर पुढें जात असल्याचें कळवूं लागला. विचार असा, कीं इतर लोक फेरी पुरी करून येतील, तेव्हां हळूंच त्यांच्यामागें सामील व्हावें.

येथें साक्षीदार कोण? वारा, पाणी आणि पक्षी. तरी हा खोटेपणा सोपा नव्हता. ज्या ठिकाणीं आपण गेलोंच नाहीं, तेथून सूर्य किती उंच दिसला असता, याचा उलटा हिशेब करणें हें खऱ्या निरीक्षणापेक्षां अवघड काम. तें तो रोज करीत होता. मग प्रसंग त्याच्या कल्पनेबाहेर गेला. क्रोहर्स्ट मागून वेगानें येत आहे या समजुतीनें नायजेल टेटली नांवाच्या स्पर्धकानें आपली झिजलेली नौका ताणली, आणि मे १९६९ मध्यें ती त्याच्या पायांखालीं फुटली. तो वांचला, पण कमी वेळाच्या बक्षिसास आतां क्रोहर्स्टच पात्र ठरणार, त्याचा जयजयकार होणार, आणि त्याच्या वह्या जाणते लोक उघडून पाहणार, हें स्पष्ट झालें. १ जुलै १९६९ नंतर त्यानें कांहीं लिहिलें नाहीं. १० जुलै रोजीं त्याची नौका अटलांटिकांत एका जहाजास सांपडली. शिडें होतीं, वह्या होत्या, माणूस नव्हता. त्या वह्यांवरून खरा मार्ग आणि खोटा हिशेब, दोन्ही जगासमोर आले.

पांच हजार पौंड अर्थातच नॉक्स-जॉन्स्टनला मिळाले. त्यानें ते क्रोहर्स्टच्या पत्नीस व मुलांस देऊन टाकले. खोटें उघडकीस आल्यावरहि त्यानें ते परत मागितले नाहींत.

या दोघांविषयीं आम्ही पुष्कळ विचार केला. एक शूर आणि दुसरा भित्रा, असा निकाल देणें बरोबर नाहीं. एकटा आठ महिने समुद्रावर राहणारा मनुष्य भित्रा नसतो. भेद शौर्याचा नव्हता. एक जण नौकेसाठीं आणि स्वतःसाठीं लिहीत होता. दुसरा वाचणाऱ्या लोकांसाठीं लिहीत होता. क्रोहर्स्टच्या नौकेवर कोणीच नव्हतें असें म्हणतात. आम्हांस वाटतें, त्याच्या नौकेवर फार गर्दी होती. सावकार होता, वृत्तपत्रें होतीं, गांवचे लोक होते. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न तो किनाऱ्यावर ठेवून गेला नाहीं, बरोबर घेऊन गेला. आणि अखेर त्याच प्रश्नाखालीं तो बुडाला. लोकलज्जा मनुष्यास सावरते, असें आम्हीं वर म्हटलें. ती मनुष्यास खोटें बोलावयास लावते आणि परतीची वाट बंद करते, हेंहि तितकेंच खरें आहे. नापास झालेला मुलगा घरीं निकाल लपवितो, नोकरी गेलेला गृहस्थ रोज डबा घेऊन बाहेर पडतो, त्यांच्या घरांतील वडील माणसांनीं क्रोहर्स्टची ही कथा एकवार वाचावी. परत फिरणारास दार उघडें आहे, एवढें ज्याला निघतांना ठाऊक असतें, त्याला खोटी वही लिहावी लागत नाहीं.

साक्षीवांचून धर्म पाळल्याचें आणखी एक उदाहरण आपल्याच माणसाच्या हकीकतींत आहे. १९६८ च्या त्या स्पर्धेची आठवण म्हणून २०१८ सालीं तशीच स्पर्धा झाली. त्या काळचींच साधनें, ताऱ्यासूर्यावरून स्थान काढावयाचें. अभिलाष टॉमी तींत ‘सुहेली’च्याच नमुन्यावर गोव्यांत बांधलेल्या ‘तुरीया’ नौकेंतून उतरले. २१ सप्टेंबर रोजीं हिंदी महासागराच्या दक्षिणेस वादळानें नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या, आणि पाठीच्या कण्यास इजा होऊन ते बिछान्यास खिळले. त्याच वादळांत ग्रेगर मॅकगकिन या आयरिश स्पर्धकाच्याहि डोलकाठ्या मोडल्या होत्या. त्यानें उरल्यासुरल्या सामानाचें तात्पुरतें शीड उभारलें आणि स्वतःच्या सुटकेच्या दिशेनें न जातां टॉमींच्या दिशेनें नाव हांकली. २४ सप्टेंबर रोजीं ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानें प्रथम टॉमींना व मग मॅकगकिनला उचलून घेतलें. टॉमी बरे झाले, पुन्हां त्याच स्पर्धेंत उतरले, आणि एप्रिल २०२३ मध्यें दुसरे आले.

तेव्हां पूर्वजांच्या भीतीविषयीं आमचें मत असें झालें आहे. साक्ष नसतांना आचार सुटतो, ही त्यांची शंका निराधार नव्हती. परंतु त्यावर त्यांनीं काढलेला उपाय, म्हणजे साक्षीच्या बाहेर कोणास जाऊंच देऊं नये, हा खरा उपाय नव्हे. जो आचार केवळ डोळ्यांच्या धाकानें टिकतो, तो घरांतहि अर्धाच टिकलेला असतो. दर्या तो नासवीत नाहीं. उघडा पाडतो, इतकेंच.

आतां कितीएक घरांतून मुली नौदलांत किंवा व्यापारी जहाजांवर जाण्याचें बोलूं लागल्या आहेत, आणि आईबाप विचारांत पडतात. तिला भीति वाटणार नाहीं ना, ती एकटी राहील ना, असे प्रश्न ते करतात. भीति सर्वांनाच वाटते. ती वाटावयासच पाहिजे. आमची सूचना अशी, कीं त्याऐवजीं एक निराळीच गोष्ट पाहावी. रात्रीं सर्व निजल्यावर आजींच्या औषधाची वेळ ती न चुकतां सांभाळते काय? चुकलेला हिशेब कोणी न विचारतां वहींत चुकला म्हणून लिहिते काय? एकाद्या कामांत अपयश आलें तर तें घरीं येऊन सांगण्याचें धैर्य तिला आहे काय, आणि तें ऐकून घेण्याचें आपल्याला आहे काय? यांतील शेवटच्या प्रश्नाचें उत्तर मुलीनें नव्हे, आईबापांनीं द्यावयाचें आहे. तें होय असेल, तर तिला खुशाल जाऊं द्यावें.